शीटवर ४, खोलीत ३१: टेक्निशियन आणि सुपरवायझर यांच्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. यातलं घर, थेरपी केंद्र आणि माणसं खरी नाहीत. अडचणी मात्र घरी जाऊन वर्तन-थेरपी देणाऱ्या कोणालाही ओळखीच्या वाटतील.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं एकत्र कुटुंब. मुलगा साडेपाच वर्षांचा, तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचं निदान झालेलं. घरात मराठी, शेजारी आणि बालवाडीत गुजराती, मोबाइलवर इंग्रजी गाणी. आठवड्यातून पाच दिवस दुपारी चार ते सहा सेशन. येणारी टेक्निशियन तेवीस वर्षांची, मानसशास्त्राची पदवीधर. कागदावर तिचं पद 'बिहेवियर टेक्निशियन', घरच्यांसाठी ती 'थेरपीवाली ताई'. याशिवाय मांजलपूर आणि कारेलीबागेत तिची आणखी दोन घरं होती. रोज सहा तास काम, मधला सगळा प्रवास स्कूटीवर. मुलाचा आराखडा लिहिणाऱ्या सुपरवायझर मॅडमच्या हाताखाली अशा अकरा जणी होत्या.

मुलाच्या दोन वागण्यांवर काम चाललं होतं: किंचाळणं आणि स्वतःचा हात चावणं. मॅडमनी आईची मुलाखत घेतली आणि तीन दिवस नोंदी ठेवल्या. आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय मिळालं, असा प्रत्येक प्रसंग लिहिला. त्यातून कारण स्पष्ट दिसलं. टेबलावरचं काम नकोसं झालं की तो किंचाळे, काम बाजूला होई, आणि पुष्कळदा वर मोबाइलही हातात येई. म्हणून किंचाळण्याच्या जागी मागण्याची सोपी रीत शिकवायचं ठरलं. ही पद्धत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ साली मांडली आणि आजही ती या कामाचा कणा आहे. मुलाला 'ब्रेक'चं चित्र असलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं. ते वेल्क्रोनं पट्टीवर चिकटवलेलं. कार्ड काढून दिलं की एक मिनिट सुट्टी, किंचाळलं तर काम तसंच समोर.

सहा आठवड्यांत आलेख सुरेख उतरला. एका सेशनमधल्या किंचाळ्या ९ वरून ७, मग ५, मग ४. मॅडम खूश, केंद्र खूश. तेवढ्यात आईचा फोन आला: "मॅडम, शाळेतल्या टीचर म्हणतात, हात जास्त चावतोय. घरी पण मला काही फरक वाटत नाही. पण कागदावर तर छान चाललंय म्हणतात."

कार्डामागचं वेल्क्रो

दुसऱ्या दिवशी मॅडम न कळवता सेशनला गेल्या. आलेख काढण्याआधी त्यांनी कार्ड हातात घेतलं. नोंदींप्रमाणे ते सहा आठवडे रोज दहा-बारा वेळा पट्टीवरून निघायला हवं होतं. इतक्या वापरानंतर वेल्क्रोच्या मऊ बाजूला लव उभी राहते, कडांना धूळ आणि खाण्याचे कण चिकटतात, लॅमिनेशनचा एखादा कोपरा उलतो. हे कार्ड नवंकोरं होतं, काढताना करकरीत आवाज आला.

डेटा शीट, म्हणजे किंचाळ्या मोजून रेघा मारायचा कागद, तीही तसंच बोलत होती. पाच दिवसांच्या सगळ्या रेघा एकाच पेनानं, एकाच तिरपाईत. वेळा ४:१५, ४:३०, ४:४५ अशा गोल. चालू सेशनमध्ये, एका हातानं मुलाला सांभाळत लिहिलेली शीट अशी दिसत नाही. तिच्यावर कुठे पाण्याचा डाग असतो, कुठे रेघ चौकटीबाहेर गेलेली असते.

मग मॅडमनी वीस मिनिटं बाजूला बसून स्वतः मोजलं. त्यांच्या मोजणीत ११ किंचाळ्या झाल्या, टेक्निशियनच्या शीटवर ३ आल्या. दोन निरीक्षकांचा मेळ काढायची सर्वांत साधी रीत म्हणजे लहान आकड्याला मोठ्या आकड्यानं भागून शंभरनं गुणायचं. इथे ते २७ टक्के निघालं. ८० टक्क्यांच्या खालचा डेटा निर्णयासाठी वापरू नये, असा या क्षेत्रातला रूढ दंडक आहे.

इथवर मॅडमनी केलेलं सगळं बरोबर होतं. पुढचं नाही. आई दारात उभी असताना त्या म्हणाल्या, "हा डेटा कुठून आला? सहा आठवडे तू काय करत होतीस?" टेक्निशियन मुलगी काहीच बोलली नाही. सहा वाजता सामान आवरून निघून गेली. पुढचे दोन दिवस तिन्ही घरी सेशन झाले नाहीत, फोन बंद. तिसऱ्या दिवशी केंद्राला एक ओळ आली: "मला हे काम जमणार नाही."

आईसमोर बोलल्याचं नुकसान मुलीच्या मनाला लागण्यापुरतं राहत नाही. उद्या हीच मुलगी त्या घरात "थोडं थांबा, आत्ता मोबाइल देऊ नका" म्हणेल तेव्हा तिचं कोण ऐकणार? घरातला तिचा शब्द त्या एका वाक्यानं पुसला गेला.

११ आणि ३ यांच्यामध्ये काय होतं

केंद्रात पहिला सूर होता की मुलीनं खोटं लिहिलं, काढून टाका. खोटा डेटा हा गंभीर दोष आहे आणि त्यावर पांघरूण घालू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण तो कशापासून बनला हे न पाहता माणूस बदललं तर नवीन येणारीही दोन महिन्यांत तेच करेल. म्हणून त्या वीस मिनिटांचं, आईच्या संमतीनं केलेलं चित्रीकरण पुन्हा पाहिलं गेलं.

आराखड्यात व्याख्या होती: "चिडून मोठ्यानं ओरडणं." टेक्निशियननं एक चिडण्याचा प्रसंग म्हणजे एक रेघ असं धरलं होतं. मॅडम प्रत्येक किंचाळी वेगळी मोजत होत्या. प्रसंगांप्रमाणे मोजलं तर चित्रीकरणात ६ निघाले. म्हणजे ११ ते ६ ही तफावत व्याख्येची, आणि ती व्याख्या मॅडमनी लिहिलेली. उरलेले ६ ते ३ टेक्निशियनचे. त्यातही काही विसरण्याचे, कारण इतर दिवशी शीट सेशननंतर, पुढच्या घराच्या जिन्यात उभं राहून भरली जायची. आठवणीनं भरायची ती सवय समोर माणूस बसलेलं असतानाही सुटली नव्हती. दोन घरांमध्ये पंधरा मिनिटं मिळायची, शीट भरण्याच्या वेळेचे पैसे नव्हते, आणि सेशन संपल्यावर आईशी बोलणं टाळता येत नव्हतं.

आणि काही भीतीचे. ही भीती कुठून आली ते दोघींच्या व्हॉट्सअॅपवर तारीखवार दिसत होतं. आकडा कमी आला की मॅडमचा अंगठा आणि "छान!". आकडा वाढला की रात्री साडेनऊला फोन: "आज काय झालं? तू नक्की काय केलंस?" सहा आठवड्यांत असे चार फोन. चौथ्यानंतर आकडा एकदाही वर गेला नाही. ज्या वागण्यानंतर हवंसं काही मिळतं ते वाढतं आणि ज्यानंतर नकोसं काही येतं ते कमी होतं, हे वाक्य ज्यांनी त्या मुलीला शिकवलं त्यांनीच ते तिच्यावर नकळत लागू केलं होतं. मॅडमना अचूक आकडे हवे होते. बक्षीस मात्र कमी आकड्यांना मिळत गेलं.

अशा वेळी 'परफॉर्मन्स डायग्नॉस्टिक चेकलिस्ट, ह्युमन सर्व्हिसेस' हे २०१३ साली प्रसिद्ध झालेलं साधन उपयोगी पडतं. कर्मचारी एखादं काम नीट करत नसेल तर कारण कुठल्या खात्यात आहे ते शोधायला त्यात चार खाती आहेत: प्रशिक्षण, काम स्पष्ट सांगणं आणि आठवण देणं, साधनं आणि व्यवस्था, आणि कामाचे परिणाम, लागणारे कष्ट नि आड येणारी इतर कामं. प्रश्न सुपरवायझरनं विचारायचे आणि काहींची उत्तरं स्वतः बघून द्यायची. इथे चारही खाती अडकली. मुलीचं ४० तासांचं व्हिडिओ-प्रशिक्षण झालेलं होतं, पण या आराखड्याचा सराव कोणी एकदाही करून घेतला नव्हता. व्याख्या धूसर, वेळ नाही, आणि परिणाम उलटे.

पाचवी गोष्ट कुठल्याच यादीत नव्हती, ती मुलीच्या तोंडून आली. तिच्याशी बोलायला मॅडम एकट्या गेल्या, केंद्रात बोलावलं नाही. सुरुवात अशी केली: "आकडा वाढला की मी फोन करायचे, कमी झाला की शाबासकी द्यायचे. म्हणजे कमी लिहायला मीच शिकवलं. आणि त्या दिवशी त्याच्या आईसमोर बोलले, तेही चुकलं. त्यांना मी तसं सांगणार आहे. आता तू सांग, त्या खोलीत कार्ड का निघत नव्हतं?"

बराच वेळ शांतता. मग: "मॅडम, तो किंचाळला की आजी स्वयंपाकघरातून येतात. म्हणतात, अगं, लेकरू एवढं रडतंय, तुम्ही बघत काय बसता? आणि मोबाइल देतात. मला रोज चहा-पोहे देतात, संक्रांतीला वाण दिलं, राखीला पाकीट दिलं. मी त्यांना काय सांगू?" आणि जरा थांबून: "शिवाय तो 'ब्रेक' म्हणतच नाही. जेवताना आजी 'पुरे?' विचारतात, तेव्हा 'पुले' म्हणतो. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण आराखड्यात 'ब्रेक' लिहिलं होतं."

सहा आठवडे वाया गेले त्याचं उत्तर या शेवटच्या तीन वाक्यांत आहे. किंचाळण्याच्या जागी द्यायचा शब्द असा निवडायचा की मुलाला तो म्हणायला कष्ट कमी पडावेत आणि घरातल्या कोणालाही तो कळावा. तो शब्द मुलाच्या तोंडात आधीपासून होता. ज्या मुलीनं तो रोज ऐकला तिला सांगायला जागा नव्हती.

काय बदललं

मुलगी कामावर परत आली. बदलांत सगळ्यात आधी आजी. त्यांना सांगायचं काम टेक्निशियनकडून काढून घेतलं. घरच्यांना प्रशिक्षण देणं, आराखड्यात बदल करणं ही तिची जबाबदारी नाहीच. ती तिच्यावर येऊन पडली, कारण सुपरवायझर तिथे नव्हत्या. मॅडम आजींजवळ अर्धा तास बसल्या. "रडू द्या" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. "तो 'पुले' म्हणाला की तुम्हीच काम उचलून घ्या, लगेच," असं सांगितलं. आजींना करायला काही मिळालं, आणि आठवड्याभरात त्या या कामातल्या सगळ्यात नेमक्या झाल्या. मोबाइलची जागा बदलली: सेशनच्या वेळी तो बाबांच्या दुकानात.

पाकिटाचाही प्रश्न तेव्हाच सोडवला. अमेरिकेतल्या, या कामाची प्रमाणपत्रं देणाऱ्या बिहेवियर अॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाच्या आचारसंहितेत भेटवस्तूची मर्यादा १० डॉलर किंवा त्या-त्या देशातल्या खरेदीशक्तीनुसार तेवढीच रक्कम अशी आहे, आणि ती सुपरवायझरला द्यायच्या-घ्यायच्या भेटींनाही लागू आहे. केंद्रानं आपला नियम साधा केला: घरातलं खाणं, तिळगूळ चालेल, रोख, कापड, दागिना नाही. आईला हा नियम केंद्राच्या पत्रातून कळला, त्यामुळे मुलीला कोणाला नाही म्हणावं लागलं नाही. वडोदऱ्यातला मराठी गोतावळा छोटा आहे. गणपती मंडळात टेक्निशियनची आई आणि मॅडम एकाच समितीत होत्या. हे लिहून ठेवलं गेलं, आणि मुलीच्या पगारवाढीचा निर्णय मॅडमकडे न ठेवता दुसऱ्या वरिष्ठांकडे दिला.

व्याख्या नव्यानं लिहिली. किंचाळी म्हणजे शब्द नसलेला, टेबलापासून खोलीच्या दारापर्यंत ऐकू जाईल असा आवाज, एक सेकंद किंवा जास्त. मध्ये तीन सेकंद शांतता गेली की पुढचा आवाज नवा. हसताना किंवा गाताना आलेला आवाज धरायचा नाही. चावणं म्हणजे दात त्वचेला लागणं, त्याची मोजणी वेगळी. त्वचा फाटली तर सेशन थांबवून फोन. मोजायला कागदाऐवजी बोटात घालायचं जपाचं काउंटर घेतलं, देवळाबाहेर मिळतं ते. हात मोकळे राहतात आणि मुलाचं लक्ष जात नाही. सेशनची शेवटची दहा मिनिटं शीट भरण्यासाठी, आणि त्यांचे पैसे सेशनमध्येच धरलेले.

मग सराव. सांगणं, करून दाखवणं, करून घेणं, लगेच अभिप्राय, या चार पायऱ्या मुलाशिवाय, मॅडम स्वतः मुलाच्या जागी बसून. आराखड्याच्या दहा पायऱ्यांची यादी केली. पहिल्या दिवशी ४ बरोबर आल्या. सतत चुकणारी जागा एकच होती: सूचना दिल्याबरोबर ती कार्डाकडे बोट दाखवायची. मूल मग बोटाची वाट बघायला शिकतं, स्वतः मागत नाही. सूचनेनंतर तीन सेकंद मनात मोजायचे, मगच बोट. दुसरी चूक किंचाळी थांबताच कार्ड पुढे करण्याची. त्यानं किंचाळणं हीच कार्डाची पहिली पायरी बनते. आधी तीन सेकंद शांतता, मग कार्ड. चौथ्या सरावात १० पैकी ९.

अभिप्रायाची रीतही बदलली. मॅडम शाबासकी आता शीट पूर्ण आणि वेळेवर भरली म्हणून देतात, आकडा कितीही असो. आकडा चढला तर फोन नाही, पुढच्या भेटीत दोघींनी मिळून बघायचं. घरात, मुलासमोर किंवा पालकांसमोर फक्त पुढच्या पायरीची सूचना. चूक दाखवायची ती खाली गाडीजवळ. शीटला शेवटी एक ओळ वाढवली: "आज आराखड्यात काय जमलं नाही, आणि तुझ्या मते का?" ही ओळ रिकामी ठेवता येत नाही.

जुना डेटा खोडला नाही. आलेखावर उभी रेघ मारून "यापूर्वीच्या नोंदी विश्वसनीय नाहीत" असं लिहिलं आणि आईबाबांना तसं सांगितलं. पुढचे दोन आठवडे मॅडमच्या भेटींची फी घेतली नाही. मुलीला लेखी ताकीद मिळाली, मॅडमनाही. दोन्ही पत्रं एकाच दिवशी निघाली, आणि केंद्रातला रोष त्यामुळेच निवळला असं आम्हाला वाटतं.

खरी सुरुवात तीन दिवस मोजून काढली. दोन तासांत ३१, २७, ३४. नवी पद्धत चालू झाली त्या आठवड्याची सरासरी ३३, दुसऱ्या आठवड्याची ४६. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आधी जोरानं करून बघतं, ही उसळी अपेक्षित असते आणि आईला, आजीला ती आधीच सांगून ठेवली होती. पण त्याच आठवड्यात गणपती बसले, संध्याकाळी रस्त्यावर ढोल. ४६ मधलं किती कशामुळे, ते वेगळं काढता आलं नाही. मुलीनं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: "आज ५१. चार वेळा मी तीन सेकंद थांबले नाही, कारण आवाज सहन झाला नाही." ते वाचून मॅडम दुसऱ्या दिवशी सेशनला जाऊन बसल्या. फोन केला नाही. पुढे २९, १८, १२, ११. चावणं सरासरी ५ वरून १. "पुले" किंवा कार्ड ३ वरून १७. दोघींच्या मोजणीचा मेळ ८८ आणि ९१ टक्के.

तासांचं गणित

हे आधी मांडलं असतं तर बाकीचं बरंच टळलं असतं. वर उल्लेख केलेल्या बोर्डानं २०१४ मध्ये टेक्निशियनसाठी 'आरबीटी' (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन) हे प्रमाणपत्र सुरू केलं. त्यात महिन्याच्या कामाच्या किमान ५ टक्के तास देखरेख, किमान दोन थेट भेटी, आणि त्यातली एक तरी मुलाबरोबर काम चालू असताना, अशी अट आहे. १ जानेवारी २०२३ पासून बोर्डानं मोजके देश सोडून बाकीच्या जगातले नवे अर्ज घेणं थांबवलं, त्यामुळे वडोदऱ्यातल्या नव्या टेक्निशियनवर हा नियम बंधनकारक नाही. पण मोजपट्टी म्हणून तो चांगला आहे.

या मुलीचे महिन्याला १३२ तास होतात. त्याचे ५ टक्के म्हणजे ६ तास ३६ मिनिटं. जुलैत तिला तीन भेटी मिळून १ तास ५० मिनिटं मिळाली होती, जेमतेम १.४ टक्के. आणि अकरा जणींचा हिशेब केला तर मॅडमना महिन्याला ७२ तासांहून जास्त नुसती देखरेख करावी लागली असती. काही भाग लहान गटात घेता येतो हे धरलं तरी आराखडे, पालकांच्या भेटी आणि शहरातला प्रवास सांभाळून ते होणारं नव्हतं. हे केंद्राला माहीत असायला हवं होतं, आणि मॅडमनी ते आकड्यांत मांडून सांगायला हवं होतं. आता त्यांच्याकडे सात जणी आहेत, चार दुसऱ्या सुपरवायझरकडे गेल्या. देखरेखीचे तास पालकांच्या वेळा देण्याआधी कॅलेंडरवर भरले जातात.

नवरात्रीच्या महिन्यात गरब्यामुळे घरं उशिरा उठली, सेशन रद्द झाले, मॅडमच्या दोन भेटी हुकल्या. त्या महिन्यात मुलीचे ९६ तास भरले, तर मॅडमचे ४ तास ४८ मिनिटं व्हायला हवे होते. झाले ३ तास ४५ मिनिटं. महिन्याच्या अहवालात देखरेखीच्या रकान्यात मॅडमनी ३.९ टक्के लिहिलं, आणि खालच्या ओळीत, काय जमलं नाही आणि का, तेही.